उपाशीपोटी हळू चाललं की मुलांची चरबी जास्त जळते का?

यवतेश्वर_घाट (धागाकर्ता)
साताऱ्यात स्थूल मुलांसाठी सकाळचा चालण्याचा गट सुरू करायचं घाटतंय. वय ९ ते १४, वेळ सकाळी सहा, वाट अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने जमेल तितकं वर. पालकांना द्यायचं पत्रक तयार करायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय, त्यातले तीन मुद्दे पत्रकात घ्यावेत असं माझं मत आहे:

एक, मुलांना उपाशीपोटी आणा, म्हणजे शरीर थेट चरबीला हात घालतं.
दोन, पहिली वीस मिनिटं फक्त साखर जळते, चरबी त्यानंतर. म्हणून वीस मिनिटांच्या आत थांबलं तर काही उपयोग नाही.
तीन, वेग वाढवला की चरबी जळायची थांबते. म्हणून सावकाश चाला.

जाणकारांनी सांगावं. चूक असेल तर का चूक, तेही सांगा. नुसतं "असं नसतं" म्हणून पुढे जाऊ नका.

भडंगप्रेमी
कंदी पेढ्याच्या गावात चरबीचा धागा. भडंग घेऊन बसलोय.

श्वासमापक
मुद्दा दोनपासून सुरुवात करतो, कारण तो सरळ चूक आहे. विसाव्या मिनिटाला दाबलं जाणारं असं कुठलंही बटण शरीरात नाही. झोपेत, वर्गात बसल्यावर, चढाच्या पहिल्या पावलाला, कायम चरबी आणि साखर दोन्ही जळत असतात. बदलतं ते प्रमाण.

हे प्रमाण श्वासावरून काढतात. तोंडाला मास्क लावून मुलाने मिनिटाला किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजायचं आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. याला आरईआर म्हणतात. फक्त साखर जळत असेल तर भागाकार १.० येतो, फक्त चरबी असेल तर ०.७. बरोबर ०.८५ आला तर निम्मी ऊर्जा चरबीतून, निम्मी साखरेतून. ०.८ ला दोन तृतीयांश चरबीतून.

रात्री जेवून झोपलेलं मूल सकाळी काही न खाता अंथरुणात पडून असेल, तर हा आकडा साधारण ०.८ ते ०.८५ असतो. म्हणजे लोळत पडलेला मुलगाही निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा चरबीतूनच काढतोय. लोळून कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. "चरबी जळते" आणि "चरबी कमी होते" ही दोन वाक्यं एकच नाहीत, हे इथेच ध्यानात घ्या.

गणिताचे_मास्तर
श्वासमापक, आकड्यांत दाखवा की. मुद्दा तीन खरा की खोटा?

श्वासमापक
मुद्दा तीन अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त घोळ घालतो.

सूत्र सोपं आहे. प्रथिनं बाजूला ठेवली तर, मिनिटाला जळलेली चरबी ग्रॅममध्ये = १.६७ × (ऑक्सिजन लिटर वजा कार्बन डायऑक्साइड लिटर). उदाहरणाला ५५ किलोचा मुलगा घ्या.

झपझप चालणं: ऑक्सिजन १.०, कार्बन डायऑक्साइड ०.८५. फरक ०.१५. चरबी मिनिटाला ०.२५ ग्रॅम. अर्ध्या तासात साडेसात ग्रॅम.

पळापळीचा खेळ, समजा खो-खो: ऑक्सिजन १.६, कार्बन डायऑक्साइड १.५२. फरक ०.०८. चरबी मिनिटाला ०.१३ ग्रॅम, अर्ध्या तासात जेमतेम चार.

बघा, खेळात चरबी कमी जळली. निरोप लिहिणारा इथेच थांबतो. आता ऊर्जा बघा. पहिल्यात अर्ध्या तासाला सुमारे १४५ किलोकॅलरी, दुसऱ्यात सुमारे २४०. जास्तीच्या पंचाण्णव कुठून आल्या? स्नायूतल्या साखरेच्या साठ्यातून. हा साठा रिकामा झाला की पुढच्या जेवणातला भात-भाकरी आधी तिकडे जाते आणि तेवढा वेळ बाकीचं शरीर चरबीवर चालतं. चोवीस तासांचा हिशेब घातला की अर्ध्या तासातला हा फरक बराचसा फिटतो.

गणिताचे_मास्तर
एक कानपिचकी. १४५ मधून बसल्या जागी जाणाऱ्या कॅलरी वजा करायला हव्यात. तो मुलगा घरी बसला असता तरी अर्ध्या तासात तीस-पस्तीस गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ११० च्या आसपास.

श्वासमापक
मान्य. ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडाही बहुतेक वेळा असाच फुगलेला असतो. शिवाय तिथे कुणाच्याही तोंडाला मास्क नसतो, सगळा अंदाजच.

तालीम_नंबर_एक
म्हणजे साडेसात ग्रॅम? चरबीचा एक किलो उतरवायला किती सकाळी लागतील मग?

गणिताचे_मास्तर
चरबीच्या थराचा एक किलो म्हणजे ७७०० किलोकॅलरी धरतात. (शुद्ध चरबी नऊच्या हिशेबाने ९००० भरली असती, पण थरात पाणी आणि पेशींचा बाकीचा मालही असतो.) रोज ११० ने भागा, सत्तर सकाळी. त्याही खाल्लेल्यात एका घासाची वाढ झाली नाही तरच.

आता किल्ल्याचा चढ. ५० किलोचा मुलगा समजा २०० मीटर उंची चढला. वजन गुणिले उंची गुणिले ९.८ केलं की ९८ किलोज्यूल, म्हणजे साधारण २३ किलोकॅलरीचं काम. स्नायूची कार्यक्षमता पाव धरली तर त्यासाठी खर्च सुमारे ९५. पंचवीस ग्रॅमचा एक कंदी पेढा शंभराच्या आसपास जातो.

भडंगप्रेमी
अख्खा किल्ला = एक पेढा. आम्हा सांगलीकरांना तर किल्लाही नाही. चढ म्हणायचा तर आयर्विन पुलाचा.

कृष्णाकाठची
हसू नका भडंगप्रेमी, तुमच्या हातात जे आहे त्याचाच विषय निघणार आहे. चुरमुरे हलके दिसतात, पण भडंगाला लावलेलं तेल आणि त्यातले शेंगदाणे दिसत नाहीत. मूल वाटीने खात नाही, पिशवीने खातं.

तिन्ही मुद्द्यांत एक गृहीतक लपलंय की कोणतं इंधन जळतं यावर मूल बारीक होणं ठरतं. स्थिर वजनावर असलेल्या माणसाचा चोवीस तासांचा श्वासाचा भागाकार त्याच्या ताटाच्या भागाकाराएवढाच (म्हणजे ताटातलं अन्न जाळलं तर येईल तेवढाच) येतो. ताटात भात-पोळी जास्त, तर शरीर साखर जास्त जाळतं. ताटात तूप-तेल-पनीर जास्त, तर चरबी जास्त जाळतं. म्हणून "भात बंद केला आणि आरईआर खाली आला" यात चमत्कार काही नाही. जळतेय ती ताटातली चरबी. पोटावरची तेव्हाच हलते, जेव्हा ताटातून येणारी ऊर्जा खर्चाहून कमी असते.

यवतेश्वर_घाट
ताई, मग उपाशीपोटी? तेव्हा ताटातून काहीच आलेलं नसतं ना.

कृष्णाकाठची
त्या तासाभरात चरबी जास्त जळते हे खरं. पण नंतर तो मुलगा दहा वाजता काय खातो ते कोण मोजतंय? उपाशी चढून आलेलं मूल मधल्या सुट्टीत दुप्पट डबा संपवू शकतं, वर कँटीनचा वडापाव. एक वडापाव म्हणजे ३०० च्या घरात. वर आलेला ११० चा हिशेब त्याच्या शेजारी ठेवा.

पण उपाशी नको याचा अर्थ साखरेचा चहा आणि बिस्किटं द्या असाही नाही. निघण्याआधी अर्धा तास ते दिलं की इन्शुलिन वर जातं आणि चरबीच्या पेशींना कुलूप लागतं. मधला मार्ग: अर्धं केळं, नाहीतर मूठभर फुटाणे आणि पाणी. पेलाभर साधं दूधही चालेल, बोर्नव्हिटाच्या चमच्यांशिवाय.

बालरोग_मिरज
मुद्दा एक पत्रकातून काढाच. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि ग्लुकोजचा मोठा वाटेकरी. यकृतातला साखरेचा साठा मात्र छोटा. रात्री साडेआठला जेवलेलं नऊ वर्षांचं मूल सकाळी सहाला उपाशी चढावर आणलं तर डोकं दुखणं, चक्कर, मळमळ यांतलं काहीतरी होऊ शकतं आणि मग दुसऱ्या दिवशी ते मूल गटात येणार नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणारं मूल असेल तर उपाशी व्यायाम थेट धोक्याचा.

"कुलूप" शब्द चांगला वापरला. चरबी पेशीतून निघून स्नायूत जळेपर्यंत तीन नाकी आहेत.

पहिलं चरबीच्या पेशीत. तिथे ट्रायग्लिसराइड (साठवलेली चरबी) तोडून फॅटी आम्लं सुटी करायची असतात. अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं हे काम वाढवतात, रात्रीच्या झोपेत वाढीचं संप्रेरक वाढवतं आणि इन्शुलिन थांबवतं. दुसरं नाकं रक्तातली वाहतूक: फॅटी आम्लं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर बसून स्नायूपर्यंत जातात. तिसरं स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांच्या, दारात. आत जायला कार्निटीन नावाच्या रेणूचा पास लागतो आणि पोटभर पिष्ट खाल्लं की पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं रसायन वाढून हे दार बंद होतं. आत गेल्यावर दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जळतात.

आता गंमत अशी की स्थूल मुलाच्या रक्तात फॅटी आम्लं कमी नसतात, उलट बऱ्याचदा जास्तच. कोठार भरलंय, मालगाड्याही धावताहेत. उठाव नाही. स्नायू मागतच नाही, कारण दिवसभर बसून आहे. न उचललेला माल मग यकृतात उतरतो.

औषधविक्या
कार्निटीनचा पास म्हणालात म्हणून: त्याच्या गोळ्या "फॅट बर्नर" म्हणून मागायला लोक येतात. मुलांसाठीसुद्धा.

बालरोग_मिरज
ज्याच्या शरीरात कार्निटीनची खरी कमतरता आहे त्यालाच उपयोग, आणि ती दुर्मिळ. दारात पासांची टंचाई नाहीच, तर जास्तीचे पास छापून काय होणार? घाम काढायचा प्लास्टिकचा पट्टाही त्याच माळेतला मणी. कमी होतं ते पाणी, पेलाभर प्यायलं की परत.

नवखा_पालक
मग जळलेली चरबी जाते तरी कुठे? घामातून नाही तर?

श्वासमापक
नाकातून! शुद्ध चरबीच्या १० किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होतात. त्यासाठी बाहेरून जवळजवळ २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. (नुसता जोरात श्वास घेऊन भागत नाही, आधी स्नायूने तो मागायला हवा. कपालभातीचे व्हिडिओ पाठवू नका.)

भडंगप्रेमी
पाठवणारच होतो. हात आवरला.

तालीम_नंबर_एक
इथे सगळे चालण्याचंच बोलताय. आमच्या भागात पोरगं जाड झालं की आईबाप त्याला तालमीत घालतात. तिथे सपाट्या, बैठका, लढती. हे सगळं साखरेवरचं काम, म्हणजे वरच्या हिशेबाने चरबी जवळजवळ नाहीच. तरी पोरं सुटतात, कारण दोन तास हलतात आणि अंगात स्नायू येतो.

खरी गोम खुराकात आहे. बदाम, दूध, तूप घातलेली थंडाई मोठ्या मल्लाच्या मापाने पोराला पाजली जाते. तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशे कॅलरी. पोरगं सहा महिन्यांत तालीम सोडतं, खुराक सुटत नाही. मग दोष तालमीवर. आणि पैलवान म्हणजे पोट सुटलेला गडी ही समजूतही काढून टाका. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं ते ५७ किलोच्या गटात.

यवतेश्वर_घाट
तालीमवाले दादा, तालमीतल्या पोराचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जास्तच येणार. मग गटात कुणाला घ्यायचं ते कसं ठरवायचं?

बालरोग_मिरज
मुलांना मोठ्यांचा २५-३० चा आकडा लावायचा नाही. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलगे-मुलींचे वेगळे. त्यातली एक रेघ मोठ्यांच्या २३ ला जुळणारी, तिच्यावर गेलं की अतिवजन. दुसरी २७ ला जुळणारी, तिच्यावर लठ्ठपणा. जोडीला कंबर मोजा: कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर स्नायू आहे की चरबी हा वाद मिटतो.

पण गटाआधी तपासणी हवी, विशेषतः चढ असेल तर. लंगडणारं, मांडी-जांघ किंवा नुसता गुडघा दुखतोय म्हणणारं स्थूल मूल चढावर नेऊ नका. या वयात खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या चकतीवरून घसरू शकतं आणि दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, घरचे निर्धास्त होतात आणि खुबा घसरत राहतो. अशा मुलाला चालूच द्यायचं नाही, त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे.

रात्री घोरणारं, झोपेत श्वास अडकणारं, वर्गात पेंगणारं मूल: आधी नाक-घसा दाखवा. झोप मोडली की भूक वाढते आणि दुसऱ्या दिवशी ते मूल हलायलाही तयार नसतं. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, तेव्हा सकाळी सहाचा गट म्हणजे रात्री साडेआठला दिवे बंद. जमणार आहे का ते आधी बघा.

मानेमागे काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसली तर ती मळ नाही. घासून जात नाही म्हणून पोराला रागावू नका. ती इन्शुलिन वाढल्याची खूण. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि एएलटी (यकृताची तपासणी) करून घ्या. एएलटीचा कागद वाचताना प्रयोगशाळेने छापलेली चाळिशीची मर्यादा मुलांना धरू नका. मुलींना २२ आणि मुलग्यांना २६ च्या वर गेलं की यकृतातल्या चरबीचा विचार सुरू करायचा.

नवखा_पालक
आणि थायरॉइड? घरोघरी तेच सांगतात, "त्याचं मेटाबॉलिझमच मंद आहे."

बालरोग_मिरज
मोजलं तर उलट निघतं. स्थूल मुलाचा बसल्या जागीचा खर्च त्याच्या वयाच्या सडपातळ मुलापेक्षा जास्त असतो, कारण शरीर मोठं, स्नायूही जास्त. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) किंचित वाढलेला दिसतो तो बऱ्याचदा वजनामुळे, वजन उतरलं की तोही उतरतो. संप्रेरकाच्या आजाराची खूण उंचीत शोधा. जास्त खाण्याने जाड झालेलं मूल वयाच्या मानाने उंच असतं. जाड आहे आणि उंची वाढायची थांबलीय, असं मूल मात्र लगेच दाखवा. तसंच पाच वर्षांच्या आत अति जाड झालेलं, भूक कधी भागतच नाही असं मूल, तिथे जनुकीय कारण शोधावं लागतं.

गणिताचे_मास्तर
डॉक्टर, त्या मॉलमधल्या वजनकाट्याचं काय? अनवाणी उभं राहिलं की चरबी टक्क्यात सांगतो. वर "मेटाबॉलिक वय ३४". बारा वर्षांच्या पोराला!

श्वासमापक
तो काटा चरबी मोजत नाही. पायातून हलका विद्युतप्रवाह सोडून अडथळा मोजतो, त्यावरून पाण्याचा अंदाज आणि त्यावरून चरबीचा. पोराने पाणी प्यायलं, खेळून घामाघूम आलं, की आकडा हलतो. शिवाय आतलं समीकरण बहुधा मोठ्या माणसांचं. एकाच काट्यावर, एकाच वेळी, लघवीला जाऊन आल्यावर महिन्याने मोजलं तर कल दिसेल, त्यापलीकडे नाही.

चरबी-ज्वलनाचं खरं मोजमापही सहज बिघडतं. मास्क मोठा असला तर नाकाच्या कडेने गळती होते. घाबरलेलं मूल भराभर श्वास सोडतं, साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भागाकार एकच्या वर जातो आणि पडद्यावर चरबी शून्य. म्हणून आधी मास्क लावून नुसतं बसवायचं आणि पहिली पाच मिनिटं हिशेबात धरायची नाहीत. विश्रांतीचं मोजमाप असेल तर रात्रभर उपास आणि आधी अर्धा तास शांत पडणं. चालतानाचं असेल तर प्रत्येक वेग तीन ते सहा मिनिटं स्थिर. एका मिनिटाच्या पायऱ्या केल्या तर ऑक्सिजन अजून चढतोय तोवर पुढची पायरी येते. फार जोरात गेलं की वर दिलेलं सूत्रच मोडतं: लॅक्टिक आम्ल शमवताना रक्तातून जादा कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो इंधनाचा नसतो.

कृष्णाकाठची
म्हणजे वरच्या तुमच्या खो-खोच्या आकड्यावरही तेवढंच मीठ टाकून घ्यायचं.

श्वासमापक
पकडलंत. हो, खो-खोचा भागाकार ०.९५ येतो आणि त्याच्या आसपास चूक वाढायला लागते.

पीटी_सर
धाग्यात शास्त्र भरपूर झालं. मैदानावर वेग सांगायचा कसा? मुलांच्या मनगटाला घड्याळं नाहीत.

श्वासमापक
बोलण्याची चाचणी. चरबी सर्वांत जास्त जळते तो टप्पा साधारण ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या ४० ते ६० टक्क्यांत असतो, स्थूल आणि सवय नसलेल्या मुलांत खालच्या टोकाला. त्या वेगाला मूल वाक्य बोलू शकतं, पण गाणं म्हणू शकत नाही. गाणं म्हणता येतंय तर वाढवा. दोन शब्दांवर धाप लागली तर उतरा.

अडचण चढाची आहे. सपाटीवर जो मुलगा ५० टक्क्यांवर आरामात चालतो, तो अजिंक्यताऱ्याच्या उभ्या वळणावर दोन मिनिटांत ८० टक्क्यांवर जातो, थांबतो, लाजतो. वाट सपाटीने सुरू करा, चढ तुकड्यांत घ्या.

पीटी_सर
आणि पोटाची चरबी जाळायला सिट-अप्स? पालक तेच मागतात.

तालीम_नंबर_एक
नाही होत. पोटाचा स्नायू जवळची चरबी ओढून घेत नाही, त्याला इंधन रक्तातून मिळतं, आणि रक्तात ते अंगभरातून आलेलं असतं. स्नायू घट्ट होईल, वरची गादी तशीच.

पीटी_सर
मुलं एका जागी कंटाळतात. माझं म्हणणं: वीस मिनिटं चालणं, मग लंगडी, खो-खो, साखळी. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल सांगते आणि आठवड्यात किमान तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणारं काम. ६० मिनिटं एका दमात हवीत असं नाही. आणि दोन-तीन महिने नियमित झालं की वजन फार उतरलेलं नसलं तरी त्याच वेगाला भागाकार खाली येतो, बरोबर ना?

श्वासमापक
बरोबर. स्नायूतली मायटोकॉन्ड्रिया वाढतात, कमी इन्शुलिनमध्ये भागतं, तोच चढ कमी धापेत होतो. तेवढ्या अर्थाने "चरबी जाळण्याची क्षमता" हा शब्द खरा आहे.

कृष्णाकाठची
ताटाचं बोलून टाकते, मग थांबते. चौघांचं घर महिन्याला चार लिटर तेल संपवत असेल तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे सुमारे २७० किलोकॅलरी, तीही फक्त तेलाच्या. चार लिटरचे तीन करा, वेगळा डाएट लागत नाही. भाकरी, आमटी, उसळ यांना हात लावू नका. उसाच्या रसाचा २५० मिलीचा पेला म्हणजे ३० ग्रॅमच्या वर साखर, तो "नैसर्गिक" असला तरी. सकाळचं कोमट पाणी-मधही तसंच: मधाचा मोठा चमचा साठ कॅलरी, चरबी वितळत नाही. आणि मुलाचं ताट वेगळं वाढू नका, घरातल्या सगळ्यांचं बदला.

नवखा_पालक
महिन्याला किती किलो उतरायला हवेत?

बालरोग_मिरज
वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवायचंच नसतं, थोपवायचं असतं. १४० सेंटिमीटर, ४८ किलो: बीएमआय २४.५. वजन तिथेच ठेवून उंची १४६ झाली की २२.५. किलो एकही गेला नाही. लठ्ठपणा जास्त असला तरी अकरा वर्षांपर्यंत महिन्याला अर्धा किलोच्या पलीकडे घाई नको. त्याहून वेगाने उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो आणि उंचीलाही फटका बसू शकतो.

यवतेश्वर_घाट
तिन्ही मुद्दे मागे घेतले. पत्रक आता असं:

"निघण्याआधी अर्धं केळं किंवा मूठभर फुटाणे आणि पाणी. चहा-बिस्किटं नकोत. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग. वीस मिनिटं सपाट वाट, नंतर खेळ. चढ दुसऱ्या महिन्यापासून, तुकड्यांत. लंगडणाऱ्या, गुडघा-मांडी दुखणाऱ्या, घोरणाऱ्या मुलांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. वेळ सहाऐवजी पावणेसात. वजन दर सोमवारी सर्वांसमोर घेतले जाईल."

पीटी_सर
शेवटचं वाक्य खोडा. सर्वांसमोर वजन घेतलं की दुसऱ्या सोमवारी निम्मी मुलं येणार नाहीत.

बालरोग_मिरज
सहमत. दर तीन महिन्यांनी, पडद्याआड, उंची, वजन आणि कंबर. कंबर बेंबीवर मोजू नका, जाड मुलात बेंबी खाली उतरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, मुलाने सहज श्वास सोडल्यावर, टेप कातडीला टेकलेला पण रुतलेला नाही. दोनदा मोजायचं, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा.

गणिताचे_मास्तर
शिंप्याचा जुना कापडी टेप घेऊ नका. वर्षानुवर्षं ओढून लांबलेला असतो, कंबर दोन सेंटिमीटर कमी दाखवेल आणि सगळे खूश होतील.

यवतेश्वर_घाट
फायबरचा आणतो. वाक्य खोडलं.

भडंगप्रेमी
गटाची वाट पेढ्यांच्या दुकानांवरून जात नाही ना, तेवढं बघा.

यवतेश्वर_घाट
पावणेसातला बंद असतात. परत येताना उघडतात. वाट बदलतो.